मोडशी, पटकी, कॉलरा: आमच्या बांयीपर्यंत ती कशी पोचली

तुळशीपाट

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका वाड्यावरून लिहितेय. गेल्या श्रावणात आमच्या घरात कॉलरा झाला. शौचाच्या तपासणीत जंतू सापडला, आरोग्य केंद्राची माणसं घरी आली, बांयीत, म्हणजे विहिरीत, औषध टाकून गेली. तोवर माझी समजूत होती की पटकी म्हणजे आजीच्या काळातली गोष्ट, नळ आले आणि ती गेली. म्हणून जे पाहिलं ते सगळं लिहून ठेवते. लांबेल, माफ करा.

रविवार होता. मामंजी, म्हणजे माझे सासरे, वय ७१, पहाटे चारला परसाकडे गेले ते सहापर्यंत पाच वेळा. पोटात कळ नाही, ताप नाही, म्हणून आम्ही कोणी फारसं घाबरलो नाही. आदल्या दिवशी शेजारी बाराव्याचं जेवण होतं, तिथलंच काहीतरी बाधलं असेल असं धरून चाललो. सातनंतर त्यांना उठवेना तेव्हा खाटेशेजारी बादली ठेवली. त्या बादलीत जे होतं त्याला जुलाब म्हणायला माझी जीभ वळेना. तांदूळ धुतले की तिसऱ्या वेळी जे पाणी निघतं ना, तसं. पांढुरकं, पातळ, वर बारीक पांढरे तुकडे तरंगणारं. वासही विष्ठेचा नव्हता, मासळी धुतलेल्या पाण्यासारखा काहीसा.

मग उलट्या सुरू झाल्या, आणि इथे माझ्या हातून ती चूक झाली. घरातल्या एक वडीलधाऱ्या म्हणाल्या, "पोटात पाणी ठरत नाही तर देऊ नकोस, जितकं देशील तितकं बाहेर जाईल." मला ते पटलं. साडेसात ते साडेनऊ, दोन तास मी त्या माणसाला पाणी दिलं नाही. ते तांब्याकडे बघत होते. नऊच्या सुमाराला आवाज घोगरा झाला, मग नुसते ओठ हलायला लागले. डोळे खोल गेले. पोटऱ्यांत गोळे येऊन ते कळवळत होते. हात हातात घेतला तर बोटं नदीवर दिवसभर कपडे धुणाऱ्या बाईच्या बोटांसारखी सुरकुतलेली. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. ते पाहिलं आणि माझ्या हातापायातलं बळ गेलं.

१०८ बोलावली. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात पोचेपर्यंत नाडी हाताला लागत नव्हती. दोन्ही हातांना सलाइन लावलं, बाटल्या दाबून दाबून चढवल्या. तीन तासांनी मामंजींनी डोळे उघडले आणि विचारलं, "गाय दोहली?" मी कॉरिडॉरमध्ये जाऊन रडले.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त लागली आहे. आमच्या घरामागे पत्र्याच्या तीन खोल्या आहेत, भाड्याने दिलेल्या. बांधकामावर काम करणारे सहा मुलगे राहतात. सहा जणांना एक संडास. पावसाने तिथला शोषखड्डा भरून वर आला होता, हे आम्हाला माहीत होतं. गणपतीच्या चवथीनंतर बघू असं घरात ठरलं होतं. आरोग्य केंद्राची बाई चौकशीला आली तेव्हा कळलं की त्यांच्यातल्या एकाला शुक्रवारपासूनच हे सुरू होतं. वीस-बावीस वर्षांचा पोरगा. रोज बुडेल, खोलीही जाईल, या भीतीने त्याने कोणाला सांगितलं नाही. संडास तुंबलेला, म्हणून अंधारात मागच्या बाजूला उघड्यावर जात होता. तिथून आमची बांय पंचवीस पावलांवर, तीही उताराच्या बाजूला. त्याच्या जोडीदारांनी त्याला मीठ-साखरेचं पाणी पाजून जगवलं होतं. माझ्याजवळ शिक्षण होतं, फोन होता, घरात जुलाबात द्यायची मीठ-साखरेची (ओआरएस) पाकिटं होती, आणि मी पाणी बंद केलं.

नळाचं पाणी आहे आम्हाला. पण प्यायला बांयीचं गोड लागतं म्हणून तेच पितो, न उकळता.

डॉक्टर मंडळी आणि जाणकार, मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. ताप नाही, कळ नाही, आणि तरी माणूस पाच तासांत जायच्या टोकाला कसा पोचतो? तेच पाणी आम्ही सात जण पीत होतो, दोघांना जरा पातळ झालं, बाकीच्यांना काहीच नाही, मग मामंजींनाच एवढं का? आणि बांय आता कायमची वाईट झाली का?

---

माडाची_सावली

वाचून अंगावर काटा आला. मामंजी आता बरे आहेत ना?

---

तुळशीपाट

हो, चौथ्या दिवशी घरी आले. महिनाभर थकवा होता, आता बागेत जातात.

---

बांबोळी_८९

ताई, त्या दोन तासांचा घोर मनातून काढा. चाळीस वर्षांपूर्वी शिकलेले काही डॉक्टरसुद्धा उलटी होतेय म्हणून तोंडाने काही देऊ नका असं सांगायचे. मी ८९ साली पदवी घेतली, तेव्हाही वॉर्डात नातेवाइकांशी हाच वाद व्हायचा.

पहिला प्रश्न. कॉलराचा जंतू, व्हिब्रिओ कॉलेरी, स्वल्पविरामासारखा वाकडा असतो, एका टोकाला शेपटी. तो आतड्याच्या भिंतीत घुसत नाही, रक्तात जात नाही. लहान आतड्याच्या अस्तराला नुसता चिकटतो आणि एक विष सोडतो. म्हणून ताप नाही, रक्त नाही, बहुधा मुरडाही नाही. ते विष आतड्याच्या पेशीतली एक कळ दाबून धरतं. पेशी क्लोराइड बाहेर सोडत राहते, त्याच्यामागे सोडियम आणि त्यांच्यामागून पाणी. नळाचा वायसर गेल्यावर नळ कितीही पिळा, पाणी थांबत नाही, तसं. वाईट केसमध्ये तासाला एक लिटरपर्यंत पाणी जातं. तुमच्या मामंजींचं वजन साठ किलो धरलं आणि सहा लिटर गेलं, तर शरीराच्या वजनाचा दहावा हिस्सा गेला. इथे नाडी सुटते, मूत्रपिंडं बंद पडायला लागतात. पोटऱ्यांतले गोळे, घोगरा आवाज, धुणेकरणीसारखी बोटं, चिमटीत उभी राहणारी कातडी, सगळं त्या गेलेल्या पाण्याचं आणि क्षारांचं लक्षण. वेळेत पाणी भरलं नाही तर अशा गंभीर रुग्णांतले निम्म्यापर्यंत दगावतात. वेळेत भरलं तर शंभरात एकही जात नाही. माझ्या पूर्ण नोकरीत एवढा फरक पाडणारा दुसरा उपचार मी पाहिला नाही.

त्याच पेशीला आत येणारं आणखी एक दार असतं. त्या दारातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत जातात, एकट्याला प्रवेश नाही, आणि त्यांच्यासोबत पाणीही खेचलं जातं. कॉलराचं विष या दाराला हात लावत नाही. बाहेर जाणारा नळ उघडा असतानाच या दाराने पाणी आत घालता येतं. म्हणून नुसतं पाणी पुरत नाही, नुसतं मीठही नाही. दोन्ही हवं, साखर आणि मीठ, आणि प्रमाणात. त्या मुलाच्या जोडीदारांनी नेमकं तेच केलं.

उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि चमच्याने पुन्हा सुरू करायचं. उलटीत सगळं बाहेर पडलंय असं दिसतं, पण बरंचसं आत राहिलेलं असतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी एक विचारतो. मामंजींना आम्लपित्ताची गोळी चालू होती का?

---

तुळशीपाट

हो! रोज सकाळी उपाशीपोटी, सहा-सात वर्षं. तुम्हाला कसं कळलं?

---

बांबोळी_८९

अंदाज होता. जठरातलं आम्ल हा आपला पहिला पहारेकरी. निरोगी जठरातून पार व्हायला या जंतूला कोटींच्या संख्येत यावं लागतं, कारण बहुतेक तिथेच मरतात. आम्ल कमी करणारी गोळी रोज चालू असेल तर त्याहून कितीतरी कमी जंतू पुरतात. ज्यांचा रक्तगट ओ असतो त्यांना हा आजार जास्त जोराने होतो, हेही पाहिलं गेलंय. वय झालेलं, त्यात रात्री पाणी कमी प्यायलेलं. असं सगळं एका माणसाच्या वाट्याला आलं.

घरातल्या बाकीच्यांना काहीच नाही, याचं नवल वाटू देऊ नका. कॉलराचा जंतू पोटात गेलेल्यांपैकी बहुतेकांना काही होत नाही किंवा साधे जुलाब होतात. पण त्यांच्या शौचातून तो काही दिवस, कधी दहा दिवसांपर्यंत, बाहेर पडत राहतो. साथ पसरते ती बऱ्याचदा या ठणठणीत दिसणाऱ्या माणसांमुळे. पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत काही तास ते पाच दिवस लागतात.

अजून एक. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या अशा वेळी देऊ नका. आतड्याची हालचाल मंदावते, पाणी आतल्या आत साठतं, आणि बादलीत कमी दिसलं म्हणून घरचे निर्धास्त होतात. प्रतिजैविकं मदत करतात, आजार आणि जंतू बाहेर पडण्याचे दिवस कमी करतात, पण ती डॉक्टरने द्यायची, आणि पाणी भरणं सुरू झाल्यावर.

---

जुनेंगोंय

धाग्याच्या शीर्षकात मोडशी हा शब्द पाहिला आणि राहवलं नाही. या शब्दाने गोव्यातून युरोपचा प्रवास केलाय.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. त्यात त्याने या रोगाचं वर्णन केलंय आणि इथले लोक त्याला मोडशी म्हणतात असं नोंदवलंय. पोर्तुगीजांनी त्याचं मोर्देशी, मोर्देशिम करून टाकलं. पुढे फ्रेंचांनी ते ऐकलं आणि त्यांच्या भाषेत त्याचं "मोर द शियां" झालं, म्हणजे कुत्र्याचं मरण. आपल्याकडे मोडशी मोडण्यावरून आलेली, माणूस मोडून पडतो म्हणून. आज आपण अजीर्णाला मोडशी म्हणतो, पण त्या काळी तो शब्द ऐकून लोक हादरत.

त्याच्याही आधी, १५४३ मध्ये, गोव्यात अशी मोठी साथ आली होती. गास्पार कोरैया याने तिचं वर्णन लिहून ठेवलंय. इतकी माणसं मरत होती की चर्चच्या घंटा वाजवायला गव्हर्नरने मनाई केली, लोक घाबरू नयेत म्हणून. एका मृताचं पोट उघडून बघायचा हुकूमही त्याने दिला. ती आजचीच कॉलरा होती की आणखी काही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण वर्णन वाचलं तर ताईंनी लिहिलेलीच लक्षणं डोळ्यांसमोर येतात.

जुनें गोंय, म्हणजे पोर्तुगीजांची जुनी राजधानी, ओस पडण्याच्या कारणांत साथी हे मोठं कारण. मलेरिया होता, पटकी होती, आणि पाणी दूषित होतं. सच्छिद्र जांभ्यातून मैला विहिरींत झिरपायचा, असं कारण सांगितलं जातं. १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीला राहायला गेला आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. सेंट काजेतानच्या चर्चकडून चालत गेलात तर व्हाइसरॉयच्या वाड्याची एक कमान तेवढी उभी दिसते. तुमच्या बांयीला जे झालं ते या जमिनीला नवीन नाही.

---

नळाचंच_बरं

माहितीपूर्ण धागा. पण मुळात ही भाड्याची माणसं आली की आजार येतातच. आधी आमच्या गावात असलं काही नव्हतं. खोल्या द्यायच्याच कशाला?

---

तुळशीपाट

मला हे पटत नाही, आणि नीट सांगते. तो मुलगा आजारी पडला कारण आम्ही सहा माणसांना एक तुंबलेला संडास दिला होता. भाडं महिन्याच्या पहिल्या तारखेला घेत होतो. आमच्या गावात आधी नव्हतं म्हणता, तर जुनेंगोंय यांचा प्रतिसाद वरच आहे.

---

बेतूल_बंदर

मी दक्षिण गोव्यातला, घरचा मासेमारीचा धंदा. नळाचंच_बरं बाब, तुम्हाला कुटबणची गोष्ट सांगतो.

आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. १ ऑगस्टला ट्रॉलर सुटतात, त्याआधी खलाशी गावांहून परत येतात. ओडिशा, झारखंड, छत्तीसगड, कर्नाटक, कुठून कुठून. भर पाऊस. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कुटबण जेटीवर याच लोकांत कॉलरा पसरला. माणसं दगावली. तेव्हा कुठे सगळ्यांना दिसलं की शेकडो माणसं जिथे राहतात, स्वयंपाक करतात, झोपतात, तिथे संडास किती आहेत आणि पिण्याचं पाणी कुठून येतं.

ट्रॉलरवर संडास नसतो. पाणी टाकीत भरून नेतात, ती टाकी आतून शेवटची कधी घासली हे कोणी विचारत नाही. त्याच टाकीत तांब्या बुडवून सगळे पितात. एकाचा हात लागला की पुरे. मासळी ठेवायचा बर्फ माणसांच्या पोटासाठी केलेला नसतो, पण उकाड्यात तोही पाण्यात पडतो.

ज्या माणसाने आमच्या ताटात बांगडा आणला त्याला स्वच्छ पाणी मिळत नव्हतं. हे लिहिताना मला लाज वाटते, कारण आमच्याही बोटीवर माणसं होती. त्यानंतर आम्ही टाकीला झाकण आणि तोटी बसवली. तांब्या बुडवायचा नाही, तोटीखाली धरायचा. खर्च किरकोळ होता. आधी सुचलं नाही.

---

खाजनकाठ

बेतूल_बंदर यांना अनुमोदन. एक जोड देतो, मी सागरी जीवशास्त्राचा विद्यार्थी होतो.

या जंतूचं मूळ घर माणसाचं पोट नाही. तो खाडीच्या मचूळ पाण्यात राहतो, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या कवचवाल्या प्लवकांना, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांना, चिकटून. मांडवी, जुवारी, साळ या आपल्या नद्यांची मुखं त्याच्यासारख्यांना मानवणारीच. पण खाडीतले बहुतेक व्हिब्रिओ निरुपद्रवी असतात. विष तयार करणारी जनुकं त्यांच्यात एका विषाणूने आणून घातलेली असतात, हे १९९६ मध्ये कळलं. ज्यांच्यात ती आली ते माणसाच्या पोटात गेले की कोट्यवधींनी वाढतात, आणि आपल्या सांडपाण्याबरोबर परत पाण्यात येतात.

बांगलादेशात जुनी सुती साडी चार किंवा जास्त घड्या करून त्यातून पाणी गाळलं, तेव्हा त्या गावांत कॉलरा जवळपास निम्म्याने कमी झाला. जंतू कापडातून आरपार जातो, पण तो ज्या प्लवकावर बसलेला असतो ते अडकतं. अर्थात गाळणं उकळण्याची जागा घेत नाही.

आणि तिसऱ्यो, खुबे, कालवं पूर्ण शिजवा. शिंपलं नुसतं उघडलं म्हणजे शिजलं असं नाही. कालवं खडकावर बसून दिवसभर पाणी गाळत असतात, पाण्यात जे आहे ते त्यांच्या पोटात.

---

ओपा_ते_घर

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. पाणीपुरवठ्यात ३१ वर्षं काढली. बांय कायमची वाईट होत नाही. क्लोरीनपुढे हा जंतू टिकत नाही, खूप नाजूक आहे. पण शोषखड्डा तिथेच ठेवून दर आठवड्याला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, ओतत बसलात तर काही उपयोग नाही.

आधी अंतर. विहीर आणि शोषखड्डा यांच्यात किमान १५ मीटर हवेत, आणि खड्डा विहिरीच्या उताराकडे, खाली. पंचवीस पावलं म्हणजे कागदावर बरं दिसतं, पण जांभ्यात पाणी वाळूतल्यासारखं हळूहळू गाळत जात नाही. त्याला भेगा असतात, पोकळ नळ्या असतात. पावसात चिऱ्यांच्या खाणीत उतरून भिंत बघा, कुठून कुठून धार लागलेली असते. त्यात तुमची बांय उताराकडे.

आता टीसीएल. कोरड्या, बंद डब्यातलंच घ्या. उघडी पिशवी पावसाळ्यात महिनाभर पडली की तिच्यात नुसता चुना राहतो. आधी विहिरीतलं पाणी मोजा. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५, सगळं मीटरमध्ये. अडीच मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर साधारण १९.६ घनमीटर, म्हणजे १९,६०० लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगलं टीसीएल, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम.

ते थेट विहिरीत टाकू नका, इथेच सगळे चुकतात. थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग बादली पाऊण भरा, ढवळा आणि दहा मिनिटं थांबा. खाली चुना बसेल, तो फेकायचा. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओता, दोर लावून बादली पाण्याखाली नेऊन वरखाली, आजूबाजूला हिसके द्या, म्हणजे मिसळेल. तासभर पाणी काढायचं नाही. रात्री केलं तर सकाळपर्यंत ठीक. मग ओटी टेस्ट. नळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडिन या रसायनाचे थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. पिवळं झालं नाही तर विहिरीतल्या घाणीने तो खाऊन टाकला, पुन्हा टाका. साथ असताना रोज बघायचं.

कठडा, वर जाळी किंवा झाकण, भोवती सिमेंटचा ओटा आणि पाणी लांब नेणारा चर. दोर-बादली एकच, ती जमिनीवर टेकवायची नाही. आणि सगळं झालं तरी पावसाळ्यात प्यायचं पाणी उकळाच. खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर पुरतं.

---

पर्वरीची_आई

माझा मुलगा चार वर्षांचा. त्याला पाकीट आवडत नाही, म्हणून मी मेडिकलमधून खोक्यातलं फळांच्या चवीचं ओआरएस आणते. चालतं ना?

---

बांबोळी_८९

नाही, ते नका देऊ. त्यांतल्या बऱ्याच पेयांत साखर फार आणि मीठ नावाला असतं. साखर जास्त झाली की उलट आतड्यात पाणी ओढलं जातं, जुलाब वाढतात. अशा पेयांवर ओआरएस हा शब्द छापायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये मनाई केली. पाकीट घ्या, ज्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असं लिहिलंय ते. एका लिटरचं असेल तर एक लिटरमध्ये पूर्ण पाकीट. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकणं ही मुलांच्या बाबतीत सगळ्यात घातक सवय. चोवीस तासांनी उरलेलं फेका. त्याला आवडलं नाही तर थंड करून चमच्या-चमच्याने द्या. आणि गंमत म्हणजे शरीरातलं पाणी खरंच कमी झालेलं मूल ते गटागटा पितं. तोंड फिरवायला लागलं की समजायचं, भरत आलंय.

पाकीट घरात नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. छोटा, चहाचा चमचा. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर मीठ जास्त झालं, ओतून पुन्हा करा.

मुलांना जुलाबात झिंकच्या गोळ्याही देतात, सहा महिन्यांवरच्यांना रोज २० मिलिग्रॅम, दहा ते चौदा दिवस. अंगावरचं दूध किंवा जेवण बंद करायचं नाही. मूल सुस्त झालं, डोळे खोल गेले, लघवी झाली नाही, तर घरी थांबायचं नाही.

---

वाळपईची_लेक

आमच्या आजीने पटकीची साथ पाहिली होती, लहानपणी. ती सांगायची, घरात कोणाला झालं की लोक अंगणातून हाक मारून विचारायचे, उंबरा ओलांडायचे नाहीत. देवीला गाऱ्हाणं घालायचे. पण तिच्या आईने एक केलं. उकड्या तांदळाची पेज करून, तिची निवळ मीठ घालून दोन आजारी पोरांना रात्रभर पाजत बसली. चमच्याने नव्हे, फडक्याची वात ओठांवर पिळून, कारण एक मूल गिळेना. दोघंही वाचली. त्यांतली एक माझी आजी.

डॉक्टर, त्या पेजेला काही अर्थ होता का?

---

बांबोळी_८९

पुरेपूर होता. भाताचं पिठूळ आतड्यात हळूहळू ग्लुकोजमध्ये मोडतं, आणि मीठ सोबतीला. वर लिहिलेलं तेच दार. कॉलरात तांदळाची ओआरएस साध्या ओआरएसइतकीच, कधी जास्तही गुणकारी ठरते. तुमच्या पणजीने जे केलं ते विज्ञानाला १९६०च्या पुढे उमगलं.

आणि ते मोठ्या प्रमाणावर सिद्ध झालं १९७१ मध्ये, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या, बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या छावणीत. सलाइन संपत आलं होतं, माणसं जमिनीवर विष्ठेत आणि उलटीत पडलेली. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या करून पिंपांत कालवल्या आणि नातेवाइकांच्याच हातात पेले दिले, पाजत राहा म्हणून. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२२ मध्ये ते गेले, २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. त्याआधी, १९५९ मध्ये, कलकत्त्यात डॉ. शंभुनाथ डे यांनी हा सगळा खेळ जंतूच्या विषाचा आहे हे सशाच्या आतड्यावर दाखवून दिलं होतं. आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत ही दोन नावं असायला हवीत असं मला फार वाटतं.

---

माडाची_सावली

लस आहे का यावर?

---

बांबोळी_८९

आहे, तोंडाने घ्यायची, दोन डोस. काही वर्षं बऱ्यापैकी संरक्षण देते. साथीच्या भागात उपयोगी. पण लस घेतली म्हणून बांय न सुधारता बसता येणार नाही.

---

नळाचंच_बरं

वरचे प्रतिसाद वाचले. माझ्या मालकीच्याही दोन खोल्या आहेत, पाच माणसं राहतात. आज संध्याकाळी जाऊन संडास बघून आलो. दार मोडलंय आणि पाणी बाहेरून आणावं लागतं. बांयीपासून किती लांब ते उद्या टेप घेऊन मोजतो. ओपा_ते_घर बाब, उतार कसा ओळखायचा?

---

ओपा_ते_घर

पाऊस पडत असताना छत्री घेऊन उभे राहा आणि पाणी कुठे वाहतंय ते बघा. दुसरं काही लागत नाही. जमिनीखालचं पाणी बहुधा त्याच दिशेने जातं.

---

तुळशीपाट

सगळ्यांचे मनापासून आभार. वाळपईची_लेक, तुमच्या पणजीची ती फडक्याची वात डोळ्यांसमोरून जात नाही.

इकडचं कळवते. जुना शोषखड्डा उपसून बुजवला. नवा खोल्यांच्या पलीकडे, उताराला, टेपने मोजून बांयीपासून २२ मीटरवर. संडास आता दोन आहेत, आत नळ आणि साबण. मामंजींची गोळी डॉक्टरांना विचारून बंद केली, आधी हळूहळू कमी करत. स्वयंपाकघरात ओट्याच्या वरच्या फळीवर पाकिटांचा डबा आहे, आणि तसाच एक मागच्या मधल्या खोलीत.

तो मुलगा आता पुन्हा कामावर जातो. मी त्याला विचारलं, मीठ-साखरेचं प्रमाण तुझ्या जोडीदारांना कसं माहीत होतं? म्हणाला, गावाकडे त्याच्या बहिणीला असंच झालं होतं, तेव्हा आशाताईने आईला शिकवलं, आईने त्याला. काल रात्री त्याच्याच मदतीने बांयीत टीसीएलची निवळी सोडली, बादलीला हिसके त्याने दिले. सकाळी सहाला ओटी टेस्ट केली. पाणी फिकट पिवळं झालं.